विश्लेषण : वॉरंटीतला लॅपटॉप बंद, कंपनी दाद देईना, गावातल्या ग्राहकाने जायचे कुठे?

शिरूर तालुक्यातले इनामगाव घोड नदीच्या काठी आहे, पुण्यापासून पूर्वेला सुमारे ८५ ते ९० किलोमीटरवर. समजा, इथल्या एका विद्यार्थिनीसाठी घरच्यांनी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला ५५ हजार रुपयांचा लॅपटॉप ऑनलाइन मागवला. सात महिन्यांनी तो सुरूच होईना. वॉरंटी एका वर्षाची, म्हणून कस्टमर केअरला फोन लावला. आधी ‘हिंदीसाठी दोन दाबा’, मग अर्धा तास संगीत, मग ‘चार्जर काढून बटण तीस सेकंद दाबून धरा’ ही सूचना. दुसऱ्या दिवशी फोनवर वेगळीच व्यक्ती, त्यामुळे सगळे पुन्हा पहिल्यापासून. आठवडाभराने मोबाइलवर संदेश आला, ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ लॅपटॉप मात्र बंदच.

हे उदाहरण कल्पित आहे, पण वॉरंटीत लॅपटॉप बिघडलेल्या अनेकांना ते ओळखीचे वाटेल. कंपन्या असे का वागतात, गावातल्या ग्राहकाला त्याचा फटका जास्त का बसतो आणि कायद्याने त्याच्या हाती काय दिले आहे, याचा हा आढावा.

कंपनीला केलेला फोन नेमका कुठे जातो?

लॅपटॉपवर एका कंपनीचे नाव असले, तरी विक्रीनंतरची सेवा बहुतेक वेळा अनेक हातांतून जाते. फोन उचलणारे कॉल सेंटर कंत्राटी असू शकते. शहरातले ‘अधिकृत’ सर्व्हिस सेंटरही अनेकदा कंपनीच्या मालकीचे नसते. ते चालवणाऱ्या व्यावसायिकाला दर दुरुस्तीमागे ठरलेली रक्कम मिळते. सुटे भाग तिसऱ्याच गोदामातून येतात. विद्यार्थिनीसाठी कंपनी एकच आहे, पण या साखळीतला प्रत्येक जण फक्त आपल्या टप्प्यापुरता जबाबदार असतो.

या साखळीचे मोजमापही तसेच आहे. किती फोन घेतले, एका फोनला किती वेळ लागला, किती तक्रारी बंद केल्या, हे आकडे सहज मोजता येतात. लॅपटॉप खरोखर चालू झाला का, हे मोजायला कष्ट पडतात. मग ‘तक्रार बंद’ आणि ‘अडचण दूर’ या दोन वेगळ्या गोष्टी होऊन बसतात. पहिल्या फळीतल्या कर्मचाऱ्यापुढे प्रश्नांची ठरलेली यादी असते आणि ती संपल्याशिवाय तक्रार वर पाठवण्याची मुभा त्याला सहसा नसते. म्हणजे तो उद्धट असतो असे नाही. निर्णय घेण्याचा अधिकारच त्याच्याकडे नसतो.

यामागे पैशाचे गणितही आहे. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या लॅपटॉपमध्ये कंपनीचा नफा थोडा असतो. वॉरंटीतली एखादी मोठी दुरुस्ती, विशेषतः मदरबोर्ड बदलणे, तो नफा पूर्ण खाऊन टाकू शकते. त्यामुळे दुरुस्ती लांबवणे किंवा दोष ग्राहकाच्या वापरावर ढकलणे यात कंपनीचा तात्पुरता फायदा असतो. ग्राहक कंटाळून गप्प बसला, तर खर्च वाचतो.

गावातल्या ग्राहकाला त्रास जास्त का?

इनामगाव पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना चांगले ठाऊक आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इथे केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगातली, तीन हजार वर्षांहून जुनी शेतकरी वसाहत उजेडात आली. त्या वस्तीत कुंभारासारखे कारागीर गावातच राहत होते. वस्तू घडवणारा आणि वापरणारा एकमेकांना ओळखत असणार. आज वस्तू घडवणारा शोधायला पिनकोड टाकावा लागतो.

लॅपटॉपची वॉरंटी साधारण दोन प्रकारची असते. एकात ग्राहकाने लॅपटॉप सर्व्हिस सेंटरला नेऊन द्यायचा. दुसऱ्यात तंत्रज्ञ घरी येतो, तिला ‘ऑनसाइट’ म्हणतात. अडचण अशी की ‘ऑनसाइट’ सेवा ठरावीक पिनकोडपुरतीच असू शकते आणि ती अट बारीक अक्षरांत असते. पिनकोड यादीत नसेल, तर घरी येणारी सेवा आपोआप ‘नेऊन द्या’ प्रकारची होते. बहुतेक कंपन्यांची सर्व्हिस सेंटर मोठ्या शहरांत असल्याने इनामगावातून पुण्याला जाणे-येणे, त्या दिवसाचा रोजगार किंवा कॉलेज बुडवणे आणि ‘पार्ट आलेला नाही’ म्हटल्यावर पुन्हा तीच फेरी, हा खर्च कोणत्याच वॉरंटीत धरलेला नसतो.

शिरूर किंवा दौंडच्या बाजारातल्या ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे जावे, तर ‘लॅपटॉप बाहेर उघडला’ म्हणून वॉरंटी नाकारली जाण्याची भीती. वॉरंटी संपल्यावरही त्याचे हात बांधलेलेच असतात. कंपनीचे मूळ सुटे भाग आणि मदरबोर्डचे नकाशे त्याला सहसा मिळत नाहीत. नव्या पातळ लॅपटॉपमध्ये रॅमही अनेकदा मदरबोर्डलाच जोडलेली असते. मग शंभर-दोनशे रुपयांचा एखादा भाग गेला, तरी सर्व्हिस सेंटर पूर्ण बोर्ड बदलायला सांगते.

‘आत पाणी गेले आहे’ असे सांगितले तर?

वॉरंटी नाकारण्याचे हे नेहमीचे कारण. पाणी सांडणे, आपटणे किंवा विजेचा दाब वाढणे यांतून झालेले नुकसान साध्या वॉरंटीत येत नाही, ही अट बेकायदा नाही. प्रश्न असा की ते नुकसान तसेच झाले, हे ठरवणार कोण? सर्व्हिस सेंटरचा तंत्रज्ञ ठरवतो, आणि तो दुसऱ्या बाजूचा माणूस असतो.

त्यामुळे तोंडी उत्तर मान्य करू नये. कोणत्या भागाला नेमके काय झाले आहे, हे लेखी मागावे आणि उघडलेल्या लॅपटॉपची छायाचित्रे मागावीत. लॅपटॉप जमा करतानाच त्याची सर्व बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवावीत आणि जमापावतीवर ‘बाहेरून तडा किंवा ओल नाही’ अशी नोंद करून घ्यावी. पुढे वाद आयोगापर्यंत गेला आणि तपासणीशिवाय दोष ठरवणे शक्य नसेल, तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याचे शुल्क आधी तक्रारदाराला भरावे लागू शकते.

आणखी एक गोष्ट माहितीची. दुरुस्तीत डिस्क बदलली किंवा पुसली गेली, तर त्यातल्या फायलींची जबाबदारी कंपन्या आपल्या अटींमध्ये सहसा नाकारतात. प्रकल्प अहवाल, फोटो, हिशेब यांची प्रत लॅपटॉप चालू असतानाच दुसरीकडे ठेवणे, हाच त्यावर उपाय आहे.

कायदा काय सांगतो?

ग्राहकाच्या संघटित लढ्याची एक महत्त्वाची सुरुवात पुण्यातच झाली. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४मध्ये इथे ग्राहक पंचायतीची स्थापना केली. पुढे १९८६मध्ये देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. त्याची जागा घेणारा २०१९चा कायदा २० जुलै २०२०पासून लागू झाला.

या कायद्यानुसार वस्तूतला बिघाड हा ‘दोष’ आणि कबूल केलेली सेवा नीट न देणे ही ‘सेवेतील त्रुटी’ ठरते. दोन्हींसाठी दाद मागता येते. आयोग दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा किंवा पैसे परत करण्याचा आदेश देऊ शकतो, शिवाय नुकसानभरपाई आणि तक्रारीचा खर्चही देववू शकतो. विकलेल्या वस्तूचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे.

ऑनलाइन खरेदीसाठी २०२०चे ई-कॉमर्स नियमही आहेत. विक्री करणाऱ्या संकेतस्थळाने तक्रार अधिकारी नेमून त्याचे नाव आणि संपर्क जाहीर करायचा असतो. त्याने ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची आणि महिन्याभरात तिचे निवारण करायचे. ‘आम्ही फक्त विकतो, कंपनीशी बोला’ एवढ्यावर संकेतस्थळाची सुटका होत नाही. तक्रारीला उत्तर देण्याचे बंधन त्याच्यावरही आहे.

‘घरपोच सेवा’ अशी जाहिरात करून गावांना ती नाकारली जात असेल, तर ती जाहिरात दिशाभूल करणारी ठरू शकते. अशा जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उत्पादकाला १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते.

तक्रारीसाठी बेंगळुरूला जावे लागते का?

नाही, आणि गावातल्या ग्राहकासाठी २०१९च्या कायद्यातला सर्वांत मोठा बदल हाच आहे. अनेक संगणक कंपन्यांची भारतातली मुख्य कार्यालये बेंगळुरूत आहेत. जुन्या कायद्यात कंपनीचे कार्यालय किंवा शाखा जिथे आहे, किंवा तक्रारीचे कारण जिथे घडले, तिथे दावा करावा लागे. ऑनलाइन खरेदीत कारण कुठे घडले, यावरच वाद रंगत. आता ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. इनामगावच्या रहिवाशासाठी तो पुणे जिल्ह्याचा आयोग.

वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल, तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते. पाच लाखांपर्यंत शुल्क काहीच नाही, म्हणजे लॅपटॉपच्या बहुतेक सर्व तक्रारी विनाशुल्क. वकील लावणे सक्तीचे नाही. तक्रार ऑनलाइन दाखल करण्याची सोय सप्टेंबर २०२०मध्ये ‘ई-दाखिल’ने सुरू झाली. १ जानेवारी २०२५पासून ‘ई-जागृती’ हे नवे संकेतस्थळ आले. दूरदृश्य प्रणालीवरून सुनावणीची मागणी करण्याची तरतूदही कायद्यात आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दावा करावा लागतो.

लॅपटॉप कामासाठी घेतला असेल तर?

गावात संगणक फक्त विद्यार्थ्यांकडे नसतो. ‘आपले सरकार’ सेवा केंद्र, झेरॉक्सचे दुकान, डीटीपीचे काम, दूध संकलन केंद्र यांचा दिवस संगणकावरच चालतो. प्रवेशाच्या किंवा पीकविम्याच्या अर्जाची मुदत संपत आली असताना संगणक बंद पडला, तर केंद्रचालकाची कमाई थांबते आणि रांगेतल्या लोकांचे अर्जही अडकतात.

अशा वेळी कंपनीकडून एक बचाव होतो. ‘खरेदी व्यापारी कारणासाठी होती, त्यामुळे हा ग्राहकच नाही.’ कायदा व्यापारी खरेदीला संरक्षण देत नाही, हे खरे. मात्र स्वयंरोजगारातून केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी वापरलेली वस्तू व्यापारी कारणासाठी घेतली असे मानले जात नाही, असे स्पष्टीकरण कायद्यातच आहे. स्वतः केंद्र चालवून पोट भरणाऱ्याने आपल्या तक्रारीत हे वाक्य स्पष्ट लिहावे. त्याअभावी तक्रार सुरुवातीलाच अडखळू शकते.

प्रत्यक्षात कोणत्या क्रमाने जावे?

पहिली पायरी कागदांची. बिल, वॉरंटीचे पान, लॅपटॉपचा अनुक्रमांक, प्रत्येक फोनची तारीख आणि तक्रार क्रमांक एका वहीत लिहावा. फोनवर झालेले बोलणे त्याच दिवशी ई-मेलने कंपनीला कळवावे. ‘आज अमुक वाजता आपल्या प्रतिनिधीने असे सांगितले’ एवढे दोन ओळींत पुरते. अडचण कायम असताना तक्रार बंद झाल्याचा संदेश आला, तर ‘लॅपटॉप अजून बंद आहे, तक्रार पुन्हा उघडावी’ असे लगेच लेखी कळवावे. नाहीतर पुढे तोच संदेश कंपनीचा पुरावा होतो.

दुसरी पायरी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी पत्राची. त्यात मागणी एकच आणि स्पष्ट असावी, दुरुस्ती, बदली किंवा परतावा. उत्तरासाठी ठरावीक मुदत द्यावी, उदाहरणार्थ १५ दिवस.

तिसरी पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनची. १९१५ हा क्रमांक निःशुल्क आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. हेल्पलाइन तक्रार कंपनीकडे पाठवते आणि पाठपुरावा करते. अनेक मोठ्या कंपन्या या व्यवस्थेशी जोडलेल्या असल्याने कस्टमर केअरमध्ये अडकलेली तक्रार इथून वरच्या टेबलावर पोहोचू शकते. हेल्पलाइन आदेश मात्र देऊ शकत नाही. तिथे काम झाले नाही, तर चौथी पायरी जिल्हा आयोगाची. तक्रारीत उत्पादक, विक्रेता आणि सर्व्हिस सेंटर या तिघांनाही प्रतिवादी करावे, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवून कोणाला सुटता येणार नाही.

मग आयोगाकडे गेले की प्रश्न सुटतो?

इथे अपेक्षा मोजून ठेवाव्यात. कायद्यानुसार तपासणीची गरज नसलेली तक्रार तीन महिन्यांत आणि तपासणी लागणारी पाच महिन्यांत निकाली निघावी, असे अपेक्षित आहे. प्रत्यक्षात अनेक तक्रारी यापेक्षा बराच काळ चालतात. आयोगांमधल्या रिक्त जागांची सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये स्वतःहून दखल घेतली होती. निकाल ग्राहकाच्या बाजूने लागला, तरी कंपनी ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करू शकते. त्यासाठी तिला आदेशातली निम्मी रक्कम आधी जमा करावी लागते. आदेश न पाळल्यास दंड आणि तुरुंगवासाचीही तरतूद आहे.

एवढे सगळे असूनही परीक्षा पुढच्या महिन्यात असलेल्या विद्यार्थिनीला दोन वर्षांनी मिळालेल्या परताव्याचा उपयोग किती? ग्राहक न्यायव्यवस्था पैसे परत मिळवून देऊ शकते, बुडालेले सत्र नाही. म्हणून वाद निर्माण झाल्यावर मिळणाऱ्या न्यायाइतकीच वाद टाळणारी दुरुस्तीची व्यवस्था महत्त्वाची ठरते.

इतर देशांत काय झाले?

ही दुखणी फक्त भारतातली नाहीत. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांनी २००७मध्ये डेल या कंपनीवर दावा केला. घरी येऊन दुरुस्ती करण्याच्या सेवेचे पैसे घेतलेल्या ग्राहकांना फोनवरच्या सूचना ऐकून स्वतः संगणक उघडायला लावले जात होते, हा त्यातला एक आरोप. २००८मध्ये न्यायालयाने कंपनीची ही वागणूक फसवी ठरवली आणि २००९मध्ये कंपनीने तडजोड करून ४० लाख डॉलर मोजले. एकेकट्या ग्राहकाच्या फोनने जे झाले नाही, ते अनेकांच्या लेखी तक्रारी एकत्र आल्यावर झाले.

‘उघडल्यास वॉरंटी रद्द’ अशी भीती घालण्यावरही तिथे बंधन आहे. एप्रिल २०१८मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा अटींवरून सहा कंपन्यांना ताकीद देणारी पत्रे पाठवली. फ्रान्सने १ जानेवारी २०२१पासून लॅपटॉप, स्मार्टफोन आणि काही घरगुती उपकरणांवर ‘दुरुस्तीयोग्यता निर्देशांक’ छापणे बंधनकारक केले. वस्तू दुरुस्त करणे किती सोपे आहे, याचे दहापैकी गुण खरेदीआधीच ग्राहकाला दिसतात.

भारतात ‘दुरुस्तीचा हक्क’ कुठवर आला?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये यासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे ठरवण्यात आली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘राइट टू रिपेअर’ संकेतस्थळ सुरू झाले. तिथे कंपन्यांची दुरुस्ती आणि सुट्या भागांविषयीची माहिती एकत्र मिळावी, असा हेतू आहे. पुढे दुरुस्तीयोग्यता निर्देशांकासाठी नेमलेल्या समितीने मे २०२५मध्ये अहवाल दिला. त्यात सुरुवात मोबाइल आणि टॅब्लेटपासून करण्याची शिफारस आहे. म्हणजे लॅपटॉपचा क्रमांक नंतरचा.

याउलट उत्पादनाच्या आघाडीवर वेग आहे. मे २०२३मध्ये केंद्राने लॅपटॉप, टॅब्लेट आदींच्या देशी उत्पादनासाठी १७ हजार कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. त्याआधी ऑक्टोबर २०२२मध्ये रांजणगाव इथे इलेक्ट्रॉनिक उत्पादन समूहाला मंजुरी मिळाली. रांजणगाव शिरूर तालुक्यातच आहे. तालुक्यात इलेक्ट्रॉनिक वस्तू बनतील, आणि त्याच तालुक्यातल्या गावात बंद पडलेला लॅपटॉप दुरुस्तीसाठी पुण्याला न्यावा लागेल, असे चित्र उभे राहू शकते. कारण या प्रोत्साहनाची रक्कम विक्रीतल्या वाढीशी जोडलेली आहे. विकलेली वस्तू किती दिवसांत दुरुस्त झाली, याच्याशी नाही.

पुढे काय बदलायला हवे?

ग्राहक आयोगाचे दार कायद्याने गावातल्या ग्राहकाच्या जवळ आणले. दुरुस्तीचे दार अजून शहरातच आहे. ते जवळ आणायचे, तर तीन गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. कोणत्या पिनकोडला कोणती सेवा मिळेल, हे पैसे भरण्याआधी ठळकपणे सांगणे बंधनकारक करणे. मूळ सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र तंत्रज्ञांना रास्त दरात मिळू देणे, म्हणजे शिरूर-दौंडच्या बाजारपेठेत रोजगारही वाढेल. आणि ग्राहकाने ‘काम झाले’ असे कळवल्याशिवाय तक्रार बंद न करणे.

तोवर ग्राहकाच्या हाती खरेदीआधीची काळजी आहे. लॅपटॉप घेताना प्रोसेसर आणि रॅमबरोबर आपल्या पिनकोडला ऑनसाइट सेवा आहे का, सर्व्हिस सेंटर किती लांब आहे आणि बॅटरीची वॉरंटी किती महिन्यांची आहे, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर फोनवर मिळाले, तर ते ई-मेलवर मागून घ्यावे. परदेशातल्या नातेवाइकाकडून लॅपटॉप येणार असेल, तर ती वॉरंटी भारतात चालते का, हेही आधीच तपासावे. आणि लॅपटॉप पेटीतून निघाला की पहिल्याच दिवशी बिलाची एक प्रत त्या लॅपटॉपबाहेर, मोबाइलमध्ये आणि कागदावर, ठेवून द्यावी.